मिरजेला हलवलंय, असा फोन करण्याआधी

सांगली जिल्ह्यात ‘मिरजेला नेलंय’ एवढं नुसतं कानावर आलं तरी ऐकणारा मटकन खाली बसतो. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं. तेव्हापासून जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगाव आणि तिकडं अथणी-विजापूरपर्यंतचा पेशंट गावच्या डॉक्टरांच्या हाताबाहेर गेला की मिरजेच्याच वाटेला लागतो. त्यामुळं मिरजेत घर असलेल्या आमच्यासारख्यांकडं कायम कुणाचा तरी डबा, कुणाचं तरी अंथरूण आणि कुणाचे तरी फोन चालू असतात. ते फोन ऐकत ऐकत एक गोष्ट मनात पक्की बसलीय. आजार बरा होतो, पण ‘मला का सांगितलं नाही’ हे भांडण पुढच्या पिढीपर्यंत पुरतं.

त्यात आपली माणसं एका गावात थोडीच राहिलीत? विटा-खानापूर-आटपाडीकडची पोरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात पार तामिळनाडू, केरळ, बंगालपर्यंत पांगलेली. शिराळ्याकडची मुंबईत, कुणी फौजेत, उरलेली पुण्यात. घरात आजारपण आलं की पहिल्या तासात हे सगळं गणगोत फोनवर गोळा होतं आणि ज्याला जसं कळेल तसं पुढं सांगत सुटतं. खालच्या पायऱ्या अशा घरांसाठी लिहिल्यात. क्रम शक्यतो मोडू नका.

पहिली पायरी: आधी गाडी, मग कागद, मग फोन

छातीत कळ येऊन घाम फुटला असेल, तोंड वाकडं झालं असेल, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला असेल किंवा बोलणं अडखळत असेल, तर १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल ती गाडी काढा. पाव्हण्यांना नंतर कळवता येईल. लकव्याच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅन काढून झाल्यावर. जतच्या एखाद्या वाडीवरून मिरज गाठायलाच त्यातला बराच वेळ जातो. उरलेला ‘थोरल्याला विचारू आणि मग ठरवू’ यात घालवू नये.

दवाखान्यात पोचून डॉक्टरांशी पहिलं बोलणं झालं की एक कागद घ्या. एकानं ऐकायचं, दुसऱ्यानं लिहायचं. काय झालं आणि किती वाजता, पेशंट आत्ता कुठल्या दवाखान्यात, कितव्या मजल्यावर, शुद्धीवर आहे का, डॉक्टर काय म्हणाले, अजून काय कळायचंय आणि ते कधी कळेल. बस्स, एवढंच. डॉक्टर निघायच्या आत त्यांना सरळ विचारा, “डॉक्टर, आम्ही घरी काय सांगू?” बहुतेक डॉक्टर या प्रश्नाला थांबतात आणि दोन वाक्यांत सोप्या भाषेत सांगतात. ती दोन वाक्यं जशीच्या तशी लिहून घ्या आणि सगळीकडं तीच सांगा.

संशय आणि निदान यांची गल्लत इथंच टाळायची. सोनोग्राफीत गाठ दिसली म्हणजे कॅन्सर झाला असं नसतं. तुकडा काढून तपासायला पाठवला की रिपोर्टला काही दिवस लागतात, तोवर डॉक्टरसुद्धा ठाम बोलत नाहीत. पण संध्याकाळपर्यंत गावात ‘आक्काला कॅन्सर झालाय म्हणं’ हे पसरलेलं असतं, आणि रिपोर्ट चांगला आला तरी ती बातमी पुसायला कुणी फिरत नाही. म्हणून कागदावर दोन रकाने करा, ‘कळलंय’ आणि ‘कळायचंय’. फोनवरही त्याच क्रमानं बोला.

बाहेर बोलणारा माणूस एकच ठरवा. पेशंटच्या उशाशी बसलेल्याला हे काम देऊ नये, ज्याला बोलता बोलता रडू फुटतं त्यालाही नको. पुष्कळदा घरातला एखादा जावई किंवा मधली सून हे काम नीट करते. मात्र मान थोरल्याचा म्हणून फोनही त्याच्याच हातात दिला जातो आणि तो बिचारा बोलूच शकत नाही.

दुसरी पायरी: पेशंटला कोण आणि किती सांगणार

ही सगळ्यात अवघड पायरी, आणि आपल्याकडं सगळ्यात जास्त चुकणारी. घरात सगळ्यांना माहीत, शेजाऱ्यांना माहीत, डबा आणणाऱ्या पोराला माहीत, फक्त पेशंटला माहीत नाही. डॉक्टर बाहेर आले की मुलगा त्यांना कोपऱ्यात घेतो, “साहेब, अण्णांना काही सांगू नका, ते घाबरतील.” हेतू चांगलाच असतो. पण आजार पेशंटचा आहे आणि तो समजून घ्यायचा पहिला हक्कही त्याचाच आहे. शिवाय पेशंट काही खुळा नसतो. लेकीचे सुजलेले डोळे आणि अचानक गोड बोलायला लागलेला भाऊ बघून त्याला निम्मं कळलेलंच असतं. फक्त त्याला आता विचारायला कुणी उरत नाही.

लपवण्याचा खरा तोटा औषधात होतो. एका घराचं उदाहरण सांगतो. तासगावकडचे द्राक्ष बागायतदार, हृदयाची रक्तवाहिनी बंद होती, अँजिओप्लास्टी करून आत स्टेंट बसवली. घरच्यांनी त्यांना सांगितलं, “गॅसेस अडकले होते, नळी घालून मोकळे केले.” घरी गेल्यावर गॅसेस वाटेनात, तेव्हा ऐन छाटणीच्या धांदलीत त्यांनी गोळ्या बंद केल्या. स्टेंट बसवल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता थांबवल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा झटका येऊ शकतो. हे त्यांना कुणी सांगणार कसं? झटका आला होता हेच मुळात सांगितलेलं नव्हतं. सुदैवानं सुनेनं गोळ्यांची भरलेली पाकिटं बघितली आणि परत मिरजेला आणलं. त्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्यांसमोर त्यांना कागदावर हृदय काढून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, “मग फवारणीचा पंप पाठीवर घ्यायचा का न्हाई, ते सांगा.” माणूस ऐकायला तयार होता. घरच्यांचीच तयारी नव्हती.

सांगायचं कसं? वाईट बातमी कशी द्यावी यासाठी डॉक्टरांना ‘स्पाइक्स’ नावाची सहा पायऱ्यांची पद्धत शिकवतात, ती २००० साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या दोन पायऱ्या घरच्यांनी उचलाव्यात अशा आहेत. सांगण्याआधी समोरच्याला काय माहीत आहे ते विचारायचं. मग त्याला किती ऐकायचंय ते विचारायचं. आपल्या बोलीत ते असं होईल:

“अण्णा, तुम्हाला काय वाटतंय, कशानं झालं असंल हे?”

“तपासणीचे कागद आलेत. सगळं तुम्हाला सांगू, का दादा डॉक्टरांशी बोलून बघंल ते बघंल?”

यावर काही माणसं खरंच म्हणतात, “तुमचं तुम्ही बघा, मला नका सांगू.” तेही मान्य करावं. जबरदस्तीनं सांगणं आणि जबरदस्तीनं लपवणं, दोन्ही सारखंच. पण बहुतेक जण सरळ म्हणतात, “सांग की, एवढं काय.” मग आजाराचं नाव घ्या. नाव न घेता ‘जरा आतून खराब आहे’ असं म्हटलं की ऐकणारा स्वतःच वाईटात वाईट नाव लावून घेतो. नाव सांगितलं की लगेच पुढचं पाऊल सांगा, “सोमवारपासून औषध सुरू होतंय, मी रोज बरोबर येणार आहे.” आणि मग गप्प बसा. ही गप्प बसण्याची दोन मिनिटं आपल्याला फार जड जातात. कुणीतरी लगेच “काही होत नाही हो, आमच्या मावसभावाला पण झालं होतं” सुरू करतं. त्या माणसाला चहा आणायला पाठवा.

सांगायची वेळ शक्यतो सकाळची असावी. रात्री सांगितलं तर रात्रभर विचार, आणि काही विचारायचं म्हटलं तर डॉक्टर सकाळीच येणार. आणखी एक. पेशंटकडं सोसायटीचं कर्ज, उतारा, बँकेचं खातं, लेकीच्या लग्नाचं बोलणं असे धागे असतात. ते मार्गी लावायला त्याला वेळ मिळायचा असेल तर त्याला खरं माहीत असायलाच हवं. पुढं वारसांनी तलाठ्याकडं खेटे घालण्यापेक्षा हे बरं.

तिसरी पायरी: लांबच्यांना फोन

पूर्वी तार यायची, ‘आई सीरियस, ताबडतोब निघा.’ तार पोचली की घरात रडारड सुरू व्हायची, कारण अशा तारेचा अर्थ बहुतेक वेळा माणूस गेला असाच निघायचा. तार खातं २०१३ च्या जुलैत बंद झालं, पण सवय गेली नाही. आजही फोनवर ‘सीरियस आहे, निघ’ एवढंच सांगून फोन ठेवतात, आणि कोइंबतूरहून निघालेला पोरगा अख्खा प्रवास आई जिवंत आहे की नाही याच विचारात काढतो. म्हणून फोनची सुरुवात ठरलेली असू द्या:

“दादा, मी मिरजेतनं बोलतोय. गाडी चालवतोयस का? बाजूला घे, मग बोलू.”

तो थांबला की पहिल्याच वाक्यात जीव भांड्यात पाडा:

“आई शुद्धीवर आहे, बोलतीय. सकाळी सहाला डाव्या हातातली ताकद गेली. आठला इथं पोचलो, स्कॅन झालाय, औषध चालू आहे. डॉक्टर म्हणालेत दोन दिवस लक्ष ठेवायला लागंल. संध्याकाळी सहाला परत बोलणार आहेत, त्यानंतर मी तुला फोन करतो.”

प्रकृती खरंच नाजूक असेल तर तसंच सांगा, “आई शुद्धीवर नाही, व्हेंटिलेटरवर आहे, डॉक्टर म्हणालेत जवळच्यांना बोलवून घ्या.” गोल गोल बोलण्यात त्याची गाडी चुकते. ‘येऊ का नको’ या प्रश्नाला ‘बघ तुला जमलं तर’ असं उत्तर देऊ नका. पुढं वर्षानुवर्षं तो त्या उत्तराचा हिशोब करत बसतो. ‘ये’ म्हणा, किंवा ‘आज नको, ऑपरेशनच्या दिवशी ये, तेव्हा जास्त गरज आहे’ असं म्हणा.

आणि माणूस गेलाच असेल तर? ‘सीरियस आहे’ सांगून बोलवून घ्यायची रीत अजून आहे, आणि वडीलधारे ती चांगल्या मनानं पाळतात. माझं मत वेगळं आहे. खरं सांगावं, पण फोन थेट त्याला न करता आधी त्याच्या जवळच्या माणसाला करावा. गलाईवाल्यांत हे सोपं असतं, प्रत्येक गावात आपल्याकडचं दुसरं दुकान असतंच. त्या दुकानातल्या मामाला सांगा, त्यांना त्याच्या शेजारी बसू द्या आणि मग बोला. पुण्याहून निघणाऱ्याला एकट्याला स्टेअरिंगवर बसू देऊ नका. रात्रीचा महामार्ग, त्यात खंबाटकी घाट आणि डोळ्यांत पाणी. मित्र बरोबर घे, भाड्याची गाडी कर, नाहीतर रेल्वेनं ये, हे त्याला फोनवरच सांगायचं.

फौजेतल्या मुलाचा फोन लागेलच असं नाही. त्याच्या युनिटचा नंबर आणि त्याचा सर्व्हिस नंबर घरात भिंतीवर लिहिलेला असावा. दवाखान्याच्या कागदाचा फोटो त्याला पाठवा, रजा मागताना हाताशी राहील.

जाता जाता एक बारीक गोष्ट. दवाखान्यातून घरी पहिला फोन बऱ्याचदा असा जातो, “रेशनकार्ड आणि आधार घेऊन लगेच या.” महात्मा फुले योजनेत बसवायचं तर हे कागद लागतातच. पण घरी चुलीपुढं बसलेल्या आईला त्यातून एवढंच कळतं की मोठं काहीतरी झालंय आणि मला सांगत नाहीत. आधी प्रकृती, मग कागद.

चौथी पायरी: लेकीबाळी आणि भावकी

लग्न झालेल्या लेकीला सगळ्यात शेवटी सांगायचं, हा आपल्याकडचा अलिखित कायदा. कारणं ठरलेली: ती रडेल, सासरी काम पडलेलं असेल, पोराची परीक्षा आहे. मग तिला कळतं नणंदेच्या फोनवरून किंवा बाजारात भेटलेल्या पाव्हण्याकडून. वडिलांना झटका आल्याची बातमी परक्याच्या तोंडून ऐकलेली लेक ती कधी विसरत नाही. पहिल्या तासात भावांना जे फोन जातात त्यातच बहिणींचेही गेले पाहिजेत, शब्दही तेच. ती गरोदर असेल तर आधी जावयाला सांगा, आणि त्यानं समोर बसून तिला सांगावं. पण सांगावंच.

यानंतर पेशंटचे भाऊ-बहिणी, मग भावकी, मग सोयरे. हा क्रम घरोघर वेगळा असेल, फक्त रुसणारा माणूस कोण हे प्रत्येक घराला माहीत असतं. त्याला वरच्या यादीत घ्या आणि मोकळे व्हा.

फॅमिली ग्रुपवर पहिली बातमी टाकायची नाही. जवळच्या सगळ्यांना फोन झाल्यावरच तिथं लिहायचं, तेही दिवसातून एकदा, ठरल्या वेळी:

“तात्यांना काल सकाळी मिरजेत ॲडमिट केलंय. प्रकृती स्थिर आहे. आयसीयूत आहेत, भेटायला फक्त घरचे दोघं जाऊ शकतात, कृपया कुणी येऊ नये. उद्या सकाळी दहानंतर इथंच कळवतो. फोन घरी न करता माझ्या नंबरवर करावा.”

नळ्या लावलेल्या माणसाचा फोटो टाकू नये, हे खरं तर सांगायची वेळ येऊ नये. रिपोर्टही ग्रुपवर नकोत. नात्यात एखादा डॉक्टर असेल तर त्याला एकट्याला पाठवा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर संकोच करू नका. पेशंटनं मागितल्यावर त्याची वैद्यकीय कागदपत्रं ७२ तासांत देणं डॉक्टरांवर नियमानं बंधनकारक आहे.

काही आजारांत मात्र सांगण्याची वर्तुळं वेगळी. टीबी असेल तर एका घरात राहणाऱ्या सगळ्यांना सांगावंच लागतं, कारण त्यांचीही तपासणी व्हायला हवी. एचआयव्हीची माहिती त्या माणसाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला द्यायची नसते, २०१७ च्या कायद्यानंच तसं म्हटलंय. मानसिक आजाराचंही ज्याचं त्यानं ठरवावं.

पाचवी पायरी: म्हातारी माणसं आणि पोरं

ऐंशीच्या आईला मुलाच्या आजाराचं सांगायचं म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. ‘तिला बीपी आहे’ म्हणून महिनोन्‌महिने लपवतात. ती रोज विचारते, “ह्यो फोन का करंना?” आणि प्रत्येक जण वेगळी थाप मारतो. म्हातारीला सांगायचं ते जेवण आणि गोळ्या झाल्यावर, दिवसाउजेडी, तिच्या विश्वासाचं माणूस शेजारी बसवून. शुगरच्या माणसाला उपाशीपोटी तर अजिबात नको, रडारडीत जेवण राहतं आणि साखर खाली येते. सांगून झाल्यावर जमलं तर लगेच मुलाशी फोनवर दोन शब्द बोलू द्या. त्याच्या आवाजानं ती जेवढी सावरते तेवढी कुणाच्या समजुतीनं सावरत नाही.

पोरांना थोडक्यात आणि खरं सांगा. लहानाला एवढंच, “आजोबांच्या छातीत दुखतंय, डॉक्टर औषध देतायत, आई चार दिवस मिरजेत राहील, तुझं जेवण काकी करंल.” तुझ्यामुळं झालं नाही, हेही सांगा. आजोबांशी आदल्या दिवशी भांडलेलं पोर ते मनात धरून बसतं. बारावीच्या मुलीपासून परीक्षा होईपर्यंत लपवायचं का? मी म्हणेन, नको. तिच्या कानावर तसंही येतंच, आणि मग पेपरला बसताना आजाराबरोबर घरच्यांच्या खोटेपणाचाही विचार डोक्यात राहतो.

सहावी पायरी: येणाऱ्यांना कामाला लावा

भेटायला येऊ नका म्हटलं तरी जीप भरून माणसं येतात. त्यांच्या मायेला वाट करून द्या. एकाला रक्तदात्यांची यादी, एकाला डबा, एकाला गावाकडची धार आणि वैरण. ‘अमक्या गावात झाडपाल्याचं औषध मिळतंय’ असं सांगणाऱ्याला “डॉक्टरांना विचारून बघतो” म्हणायचं आणि पेशंटच्या कानाशी जाऊ द्यायचं नाही.

सातवी पायरी: चांगली बातमीही पोचवा

रिपोर्ट साधा निघाला, ताप उतरला, डिस्चार्ज मिळाला की सगळे हुश्श करतात आणि फोन थांबतात. वाईट बातमी ज्याला ज्याला सांगितली होती, त्या प्रत्येकाला ही पण सांगा, त्याच कागदावर खुणा करत. ‘कळायचंय’ च्या रकान्यातलं आता ‘कळलंय’ मध्ये आलं असेल.

तो कागद फाडू नका, पेशंटच्या फाइलीत पहिल्या पानाला लावा. वडिलांना पंचावन्नच्या आत किंवा आईला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल तर मुलांनाही त्याचा धोका जास्त असतो. त्यांच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, ‘घरात कुणाला हार्टचा त्रास होता का?’, तर पुण्यातल्या धाकट्याला उत्तर आणि तारीख दोन्ही देता आलं पाहिजे. त्याला फाइलीचा फोटो आजच पाठवा, आणि त्याची स्वतःची तपासणी कधी करणार हे त्याच फोनवर विचारून घ्या.